कर्त्याची खुर्ची

शाळेत येणाऱ्या पत्रांची भाषा आता मला तोंडपाठ झाली आहे. ‘कळविण्यात येते की’, ‘निदर्शनास आले आहे’, ‘आदेशित करण्यात येत आहे’, ‘गांभीर्याने घेतले जाईल’. बारा वर्षे मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते आहे. या बारा वर्षांत ‘मी तुम्हाला कळवतो’ असे साधे वाक्य एकाही पत्रात माझ्या वाचनात आले नाही. पत्राखाली सही असते, शिक्का असतो, जावक क्रमांक असतो. पण वर जे काही घडते ते आपोआप घडल्यासारखे असते. कुणीतरी कळवते, कुणीतरी ठरवते, कुणाच्या तरी निदर्शनास येते.

तीन वर्षांपूर्वी मलाही असे एक पत्र आले. ‘आपणांस अतिरिक्त ठरविण्यात येत आहे.’ पटसंख्या कमी झाली होती आणि एक पद जादा झाले होते. मी मुख्याध्यापकांना विचारले, “सर, ठरवलं कुणी?” ते म्हणाले, वरून आले आहे. वरच्या कार्यालयात गेले तर तिथले लिपिक म्हणाले, संचमान्यतेत तसे दाखवले आहे. संचमान्यता कुणी केली? संगणकाने. संगणकात आकडे कुणी भरले? शाळेने. म्हणजे फिरून मी पुन्हा शाळेच्याच दारात. पुढे समायोजन झाले आणि मी आजच्या शाळेत रुजू झाले. नोकरी शाबूत राहिली, त्याबद्दल अल्लाहचे आभार. पण त्या वाक्यातला कर्ता मला अजून सापडलेला नाही.

नवीन शाळेत सातवीला मी उर्दू व्याकरण घेते. त्यात ‘फेल-ए-मारूफ’ आणि ‘फेल-ए-मजहूल’ असा धडा असतो. मारूफ म्हणजे ओळखीचे, माहीत असलेले. मजहूल म्हणजे अज्ञात. ज्या क्रियापदाचा कर्ता माहीत आहे ते मारूफ, ज्याचा माहीत नाही ते मजहूल. ‘अहमद ने ख़त लिखा’ आणि ‘ख़त लिखा गया’. मराठीत आपण याला कर्मणी म्हणतो. त्यात कर्माला महत्त्व आले एवढेच कळते. मजहूल या शब्दात मात्र कर्ता हरवल्याची खूण आहे. अरबी व्याकरणकारांनी आणखी एक गंमत केली आहे. कर्ता गेल्यावर जे कर्म त्याच्या जागी येऊन बसते, त्याला ते ‘नायब फाइल’ म्हणतात. फाइल म्हणजे कर्ता, नायब म्हणजे त्याचा बदली माणूस. मुलांना मी सांगते, हे आपल्या प्रभारी मुख्याध्यापकांसारखे आहे. खुर्ची मोठ्या साहेबांची, बसलेला दुसराच. मुले हसतात. प्रभारी मुख्याध्यापकांच्या कानावर हे अजून गेलेले नाही.

एवढे सगळे सांगितले ते फिनिश भाषेसाठी. वाचकांना नवल वाटेल की मराठवाड्यातल्या उर्दू शाळेतील बाईचा फिनलंडशी संबंध काय? तसा तो आम्हा सगळ्याच शिक्षकांचा आहे. 2001 च्या अखेरीस पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीचा पहिला निकाल लागला आणि वाचनात फिनलंडची मुले पहिली आली. तेव्हापासून शिक्षक प्रशिक्षणात फिनलंडचे नाव निघाल्याशिवाय दुपारचा चहा येत नाही. नंतरच्या फेऱ्यांत त्या देशाचे गुण बरेच घसरले, पण प्रशिक्षणातल्या स्लाइड घसरल्या नाहीत. ‘फिनलंडमध्ये गृहपाठ फारसा दिला जात नाही’, ‘फिनलंडमध्ये शिक्षकांवर विश्वास ठेवला जातो’. तेही सगळे कर्मणीच.

माझा खरा संबंध मात्र बहिणीमुळे आला. माझ्याहून सहा वर्षांनी लहान असलेली माझी बहीण लग्नानंतर हेलसिंकीशेजारच्या एस्पो शहरात गेली. मेहुणे तिथे सॉफ्टवेअरमध्ये आहेत. ती संध्याकाळी भाषेच्या वर्गाला जाते आणि व्याकरण अडले की मला फोन करते. “आपा, तू तर कवाइद शिकवतेस. हे बघ ना जरा.” फिनिश मला येत नव्हते, आजही बोलता येत नाही. पण ती वहीच्या पानांचे फोटो पाठवते आणि मी इकडे रात्रीचे जेवण झाल्यावर ते घेऊन बसते. पंधरा विभक्ती असलेली भाषा. मराठीच्या आठ विभक्ती शिकवताना आपण मुलांना केवढे घाबरवतो!

एके दिवशी ती म्हणाली, “आज पॅसिव्ह शिकवलं. मजहूल. पण बाईंनी सांगितलं की हे इंग्रजीसारखं समजू नका.” त्या बाईंचे म्हणणे बरोबर होते, हे मला हळूहळू कळत गेले.

फिनिशमध्ये ‘पुहुआ’ म्हणजे बोलणे. मी बोलते ‘पुहुन’, तू बोलतोस ‘पुहुत’, तो किंवा ती बोलते ‘पुहू’. तो आणि ती यांना त्या भाषेत एकच सर्वनाम आहे, ‘हॅन’. असे सहा पुरुष-वचनांचे सहा प्रत्यय झाले की यादीच्या खाली सातवे रूप येते, ‘पुहुतान’. याचा अर्थ ‘बोलले जाते’. भूतकाळात ‘पुहुत्तीन’. या रूपात कोण बोलते ते सांगत नाहीत. रूप एकच, मग बोलणारा एक असो की पन्नास. आपल्याकडे ‘लिहिला गेला, लिहिली गेली, लिहिले गेले’ असे कर्मामागे क्रियापद फिरते. तिथे काहीच फिरत नाही. म्हणून काही फिनिश व्याकरणकारांनी याला चक्क ‘चौथा पुरुष’ म्हटले. मी, तू, तो आणि चौथा कुणीतरी. 2004 साली त्यांचे दीड हजाराहून अधिक पानांचे मोठे व्याकरण निघाले. त्यात याला ‘एकपुरुषी पॅसिव्ह’ असे नाव आहे.

पण मला खरी मौज वाटली ती कर्माची. ‘त्याला दवाखान्यात नेले गेले’ याचे फिनिश ‘हॅनेत विएतीन साइरालान’. ‘हॅन’ म्हणजे तो, ‘हॅनेत’ म्हणजे त्याला. क्रियापद मजहूल झाले तरी ‘त्याला’चे ‘तो’ होत नाही. म्हणजे कर्म कर्त्याच्या खुर्चीवर जाऊन बसत नाही, आपल्या जागीच राहते. खुर्ची रिकामी ठेवतात. नायब कुणी नेमत नाहीत. आपल्याकडेही हे अगदीच अनोळखी नाही. ‘ज़ैद को मारा गया’ यात ‘को’ टिकतो, ‘त्याला नेण्यात आले’ यात ‘ला’ टिकतो. पण आपल्याकडे दोन्ही रस्ते आहेत, ‘रावण मारला गेला’ असेही आपण म्हणतो. मराठी व्याकरणात या प्रकाराला ‘नवीन कर्मणी’ म्हणतात आणि ते इंग्रजीच्या वळणाने आले असे सांगतात. फिनिशमध्ये व्यक्तीच्या सर्वनामाला हा दुसरा रस्ता नाही.

दुसरे म्हणजे तिथे कुठल्याही क्रियापदाचे मजहूल होते, त्याला कर्म असो की नसो. झोपणे, बसणे, जाणे, असणे, सगळ्यांचे. ‘मेन्नॅन’ म्हणजे शब्दशः ‘जाले जाते’. मराठीत हे हास्यास्पद वाटते. पण उर्दूत आपण काय म्हणतो? “चलो, चला जाए.” “चाय पी जाए?” मेहमान आले की “तशरीफ़ रखी जाए.” ही सगळी मजहूल रूपे आहेत आणि अर्थ मात्र ‘आपण जाऊ या’, ‘आपण चहा पिऊ या’, ‘आपण बसावे’ असा. फिनिशमध्ये नेमके हेच होते. ‘मेन्नॅन!’ असे कुणी म्हटले की त्याचा अर्थ ‘चला, जाऊ या’. ‘युओदान काहविया’ म्हणजे ‘कॉफी पिऊ या’ आणि ‘कॉफी प्यायली जाते’, दोन्ही. (त्या देशात माणशी कॉफी इतकी पितात की जगात त्यांचा नंबर अगदी वर लागतो, त्यामुळे हे वाक्य पहिल्या धड्यांतच शिकवावे लागत असणार.) बहिणीला हे फोनवर सांगितले तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे अम्मी फिनिश बोलायची!” आमची अम्मी ‘खाना खाया जाए’ याखेरीज कधी जेवायला बोलवत नसे. कुठे लखनौ, कुठे आमचा मोहल्ला, पण तो एक शब्दप्रयोग तिने तिच्या आजीकडून जपून आणला होता. बाकी घरात सगळी दखनी.

बोलीभाषेत तर फिन लोक आणखी पुढे गेले आहेत. ‘आम्ही जातो’ याचे पुस्तकी रूप ‘मे मेनेम्मे’ असे आहे, पण बोलताना सगळे ‘मे मेन्नॅन’ म्हणतात. आम्ही या सर्वनामाला चौथ्या पुरुषाचे क्रियापद जोडून टाकले. ज्याचा कर्ता अज्ञात होता तो ‘आम्ही’ निघाला!

या रूपाची एक अट आहे. करणारा सांगितला नाही तरी तो माणूसच असला पाहिजे. भाषेच्या वर्गात एक उदाहरण देतात. ‘हाउक्कुआ’ म्हणजे कुत्र्याने भुंकणे, आणि माणसाने कुणाला टाकून बोलणे. ‘अंगणात हाउकुत्तीन’ असे म्हटले तर फिन माणसाच्या डोळ्यांपुढे कुत्री येत नाहीत. कुणीतरी माणसे भुंकत होती किंवा कुणाचा तरी उद्धार करत होती, असेच त्याला वाटते. कुत्रे, वारा, पाऊस, भूकंप या रिकाम्या खुर्चीवर बसत नाहीत. जिथे माणसाचा हात नाही, तिथे दुसरे क्रियापद वापरायचे. दार वाऱ्याने उघडले तर ‘ओवि आवाउतुइ’. कुणी उघडले तर ‘ओवि आवात्तीन’. झाड पडले, ‘पू कातुइ’. झाड पाडले, ‘पू कादेत्तीन’. आपल्या पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे, मरणे-मारणे या जोड्या मुलांकडून मी फळ्यावर लिहून घेते, तशाच या.

त्याच पानावर पुढची जोडी होती. ‘तालो पालोइ’, घर जळाले. ‘तालो पोल्तेत्तीन’, घर जाळले गेले.

बहीण फोनवर ही दोन वाक्ये वाचून गप्प झाली. मीही गप्प होते. मग ती हळूच म्हणाली, “आपा, अब्बांचं दुकान. पोल्तेत्तीन.”

आमच्या अब्बांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. 1998 साली, मी चौथीत असताना, एका रात्री ते जळाले. पाहा, माझ्याही हातून हेच क्रियापद लिहिले गेले. पंचनाम्यातही हेच होते, ‘आगीत दुकान जळून खाक झाले’. शटरच्या खालून रॉकेलचा वास येत होता, हे शेजारच्या दोघांनी सांगितले होते. ते कागदावर आले नाही. अब्बांनी कधी कुणाचे नाव घेतले नाही. नाव त्यांना माहीत नव्हते आणि अंदाजाने कुणाच्या माथी मारणे त्यांना हराम वाटे. पण कुणी ‘तुमचं दुकान जळालं ना?’ असे विचारले की ते मान वर करून म्हणत, “जला नहीं, जलाया गया.” बस, एवढेच. मग पुन्हा समोरच्या चाकाची आरी सरळ करू लागत. नंतरची सोळा वर्षे ते दुसऱ्याच्या दुकानाच्या ओट्यावर बसून पंक्चर काढत होते. त्यांच्याकडे कितीतरी वेळा मी हे वाक्य ऐकले असेल. मला वाटायचे, काय उपयोग या वाक्याचा? नाव तर नाहीच त्यात.

मजहूल म्हणजे लपवणे, असे मी त्या अतिरिक्त पत्रापासून धरून चालले होते. वर्गातही थोडे तसेच शिकवत होते, की ज्याला नाव लपवायचे तो मजहूल वापरतो. फिनिशची ही जोडी पाहिल्यावर अब्बांचे वाक्य मला वेगळे ऐकू आले. त्यांचे मजहूल कुणाला लपवत नव्हते. नाव लिहू नका, पण हे माणसाच्या हाताने झाले एवढे तरी लिहा, असे ते सांगत होते. पंचनाम्याने ती रिकामी खुर्चीसुद्धा उचलून नेली होती. ‘जळाले’ म्हटल्यावर मग दुकानाचा आणि आगीचा मामला उरतो. फिन भाषेच्या माणसाला अशा वेळी दोन्हीपैकी एक क्रियापद निवडावेच लागते. अर्थात तिथलाही हवालदार ‘पालोइ’ लिहू शकतोच. भाषा कुणाचा हात धरत नाही.

कर्त्याचे नाव सांगायचेच असेल तर फिन लोक काय करतात? सरळ कर्तरी वाक्य करतात. ‘पोलिसांनी पकडले’ असे म्हणतात, ‘पोलिसांकडून पकडले गेले’ असे सहसा म्हणत नाहीत. त्यांच्या सरकारी कागदांत ‘तोइमेस्ता’ नावाचा एक शब्द शिरला आहे. त्याचा अर्थ ‘च्या कडून, च्या कारवाईने’ असा. भाषेचे जाणकार तो वापरू नका म्हणून सांगत आले आहेत. जुन्या बायबल-भाषांतरांतही परक्या भाषांच्या वळणाने कर्त्याला ‘-कडून’ अर्थाचा प्रत्यय लावलेला आढळतो. फिनिश भाषेचे पहिले छापील पुस्तक मिकाएल अग्रिकोलाचे, 1543 च्या सुमाराचे, म्हणजे लिहिण्याची परंपरा तशी अलीकडचीच. त्यात 1809 पर्यंत स्वीडनचे राज्य, नंतर 1917 पर्यंत रशियाचे. दरबारी भाषा दुसऱ्याची असली की तिची वाक्ये आपल्या भाषेत घुसतात, हे आपल्याला कुणी वेगळे सांगायला नको.

विशेषणात मात्र कर्त्याला त्यांनी सुंदर जागा दिली आहे. ‘इसॅन राकेन्तामा तालो’, वडिलांनी बांधलेले घर. यात ‘इसॅन’ म्हणजे ‘वडिलांचे’, षष्ठी. शब्दाला शब्द लावला तर ‘अब्बा का बनाया हुआ घर’, अगदी उर्दूसारखे. मराठीत आपण ‘वडिलांनी’ म्हणतो, उर्दूत ‘का’ लागतो, आणि हजारो मैलांवरच्या, आपल्याशी भाषेचे काहीही नाते नसलेल्या लोकांतही तो ‘चा’च.

‘कडून’वरून एक आठवले. फिनलंडमध्ये तातार मुसलमानांची एक छोटी जमात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रशियातील निझनी नोव्हगोरोदकडच्या खेड्यांतून कापड आणि फरचा व्यापार करत हे लोक तिथे आले. 1925 साली त्यांनी आपली जमात रीतसर नोंदवली. संख्या हजाराच्या आतच, पण घरात तातार बोलणे त्यांनी सोडलेले नाही. ती तुर्की कुळातली भाषा. तिच्यात कर्मणी वाक्यातला कर्ता सांगायला ‘तराफिन्नान’ असा शब्द येतो. ऐकल्यासारखा वाटतो ना? अरबी ‘तरफ’. आपण उर्दूत ‘की तरफ़ से’ म्हणतो आणि मराठीत ‘शाळेतर्फे हार्दिक स्वागत’ लिहितो. हेलसिंकीतल्या तातार घरात आणि आमच्या शाळेच्या फलकावर एकच शब्द कर्त्याची ओळख करून देतो आहे.

बहिणीने आपली इथली पदवी तिकडे मान्य व्हावी म्हणून एका कार्यालयाकडे अर्ज केला होता. गेल्या वर्षी उत्तर आले. ‘हाकेमुस ओन ह्युलॅत्त्यु’, अर्ज नामंजूर करण्यात आला आहे. मी म्हटले, बघ, तिथेही तेच. ती म्हणाली, “थांब आपा, खाली वाच.” खाली नामंजुरीची कारणे होती आणि अधिक माहिती कुणाला विचारायची त्या व्यक्तीचे नाव आणि फोन नंबर होता. ही त्या कार्यालयाची मेहरबानी नव्हती. फिनलंडचा 2003 सालचा प्रशासन कायदा आहे, तो 2004 पासून लागू झाला. त्याच्या चव्वेचाळिसाव्या कलमात लेखी निर्णयावर निर्णय देणारे कार्यालय, कारणे आणि ज्याला विचारता येईल त्या माणसाचे नाव व संपर्क असला पाहिजे असे म्हटले आहे. नवव्या कलमात तर सरकारी भाषा नीट, स्पष्ट आणि समजेल अशी असावी असेही लिहिले आहे. बहिणीने नंबर फिरवला. एका बाईंनी उचलला आणि म्हणाल्या, “हो, ते मीच पाहिलं. तुमच्या कागदांत विषयवार तासांचा तपशील नाही.” निकाल काही बदलला नाही. आता विद्यापीठाकडून तो कागद काढायचे काम माझ्याकडे आहे आणि मी दोन खेपा घातल्या आहेत. ‘प्रक्रियेत घेण्यात आले आहे’ असे मला सांगण्यात आले आहे.

‘फिनलंडमध्ये असे केले जाते’ याबद्दल प्रशिक्षणात आम्हाला जे सांगितले, त्यात हे कलम कधी नव्हते.

माझी भाची पाच वर्षांची आहे, तिथल्या बालवाडीत जाते. तिच्या बाई मुलांना ‘पळू नकोस’ म्हणत नाहीत. म्हणतात, ‘सिसॅल्लॅ एइ युओस्ता’, आत पळले जात नाही. कुणी कुणाला फटका दिला तर ‘एइ ल्युओदॅ’, मारले जात नाही. मी ऐकले आणि मला आपले ‘असं करायचं नसतं’ आठवले. त्यातही तू नाही, मी नाही. शिस्त कुणा एकाची नाही, सगळ्यांची. माझ्या सातवीच्या वर्गात मी आता ‘दौड़ो मत’च्या जागी ‘अंदर दौड़ते नहीं’ म्हणून पाहते आहे. मागच्या बाकावरचे दोघे तरीही पळतात.

परवा भाची व्हिडिओ कॉलवर आली. तिला दखनी, उर्दू आणि फिनिश यांची खिचडी येते. तिची अम्मी बर्फाचे बूट घालत होती आणि ही दारात उभी राहून ओरडत होती, “खाला, मे मेन्नॅन!” मी विचारले, कौन कौन जा रहा है? ती म्हणाली, “मैं, अम्मी, अब्बू और मेरा भालू.”

भालू म्हणजे तिचे कापसाचे अस्वल. माणूस नसलेला कर्ता या रूपाला चालत नाही, हे तिला अजून कुणी सांगितलेले नाही.